ट्रॉम्सोतली संकष्टी

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते, आणि ते खरं आहे. मला एका जागी बसवत नाही. जेवताना मी तीनदा उठतो, टीव्हीवरची मॅच उभ्याने बघतो, आणि विमानात माझ्या शेजारी बसणाऱ्या माणसाची मला मनापासून दया येते. पण महिन्यातला एक दिवस असा असतो, की त्या दिवशी ती भिंगरी पायातून निघते आणि थेट डोक्यात शिरते. तो दिवस संकष्टीचा.

उपास मी करत नाही, आई करते. मी परत यावं म्हणून करते.

यात लपवाछपवी काही नाही. एकोणीस वर्षांपूर्वी मी पुण्याहून मेलबर्नला निघालो, तीन वर्षांच्या कामासाठी, आणि त्याच महिन्यात तिने संकष्टी धरली. पहिल्याच आठवड्यात फोनवर मला सांगूनही टाकलं, "गणपतीला एवढंच म्हटलंय, पोराला घरी आण. कधी आणायचं ते त्याचं त्याने बघावं." मी हसलो होतो. तीन वर्षं काय, बघता बघता जातील, असं म्हणालो होतो. मग तिनाची सहा झाली, कायम राहायची परवानगी देणारी पीआर आली, मेलबर्नच्या ट्रुगानिना या उपनगरात घर घेतलं, त्या घरात दोन मुलं रांगली आणि शाळेत जाऊन आजीला फोनवर "नो वरीज" म्हणायला शिकली. दर खेपेला आई विचारायची, "मग काय ठरलं?" मी म्हणायचो, "बघू." बघू म्हटलं की होकारही द्यावा लागत नाही, नकारही द्यावा लागत नाही, आणि फोन ठेवता येतो.

चार वर्षांपूर्वी बाबा गेले. सहा महिन्यांनी आई आमच्याकडे राहायला आली. तिची बॅग उघडली तेव्हा साड्यांच्या घडीत गुंडाळलेला छोटा पितळी गणपती निघाला. मला वाटलं, आता उपास संपला. आई आणि मुलगा एका छपराखाली आले, मागायचं काय उरलं? पण पहिलीच संकष्टी आली आणि तिने सकाळपासून तोंडात काही घातलं नाही. मी म्हटलं, "अगं, मी इथेच तर आहे, तुझ्यासमोर."

ती कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू आहेस रे. घरी नाहीयेस."

पुण्यातला फ्लॅट तिने बंद ठेवलाय. भाड्याने द्यायचा नाही, विकायचा तर विषयच काढायचा नाही. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, दर पंधरा दिवसांनी जाऊन खिडक्या उघडते, नळ सोडून बघते आणि व्हॉट्सॲपवर फोटो टाकते. आई ते फोटो मोठे करून बघते. "तू आलास की लागेलच," असं म्हणते.

मेलबर्नमधल्या त्या पहिल्या संकष्टीला मी एक शहाणपणा केला होता. स्वयंपाकघरात तिने पुण्याहून आणलेलं कॅलेंडर टांगलं होतं. त्यात चंद्रोदयाची वेळ छापलेली होती ती मुंबईची, आणि आई घड्याळाकडे बघत त्या वेळेची वाट पाहत बसली होती. बाहेर चंद्र केव्हाच कुंपणाच्या वर आला होता. मी म्हटलं, "आई, तू जन्मभर भूगोल शिकवलास ना? आपण जिथे असू तिथला चंद्र धरायचा. मुंबईचा कशाला?" तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "बरोबर आहे तुझं." झालं. तेव्हापासून ते काम माझ्या गळ्यात पडलं. दर संकष्टीला मी फोनवर ट्रुगानिनाची वेळ बघायची, फ्रिजवर चिकटवायची, आणि वेळ झाली की मागच्या अंगणात कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभं राहून शेजाऱ्याच्या छपरावर डोळे लावायचे. माझी मुलगी खिडकीतून ओरडते, "आजी, मून्स अप!" मग आई अर्घ्य देते, नैवेद्य दाखवते आणि जेवते. देवावर फारसा विश्वास नसलेला मी, चंद्र उगवेपर्यंत थंडीत येरझाऱ्या घालतो.

मग आईला डायबेटिस निघाला. आमची जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, मराठीच आहे. ती म्हणाली, "काकू, उपासाच्या दिवशी ही गोळी घ्यायची नाही. गोळी घेतली आणि खाल्लं नाही तर शुगर एकदम खाली येईल. आणि खरं सांगू का, उपासच करू नका." आईने पहिलं वाक्य ऐकलं, शेवटचं ऐकलं नाही. शुगर उतरलीच तर जवळ जेली बीन्सच्या गोड गोळ्या ठेवा असं क्लिनिकमधल्या नर्सने सांगितलं होतं. त्यात प्राण्यांचं काहीतरी असतं हे कळल्यावर आईने ती पुडी नातवाला दिली आणि आपल्या पर्समध्ये खडीसाखर ठेवली.

डायबेटिसचं मला वाईट वाटलं, पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मला एक कारण हातात मिळालं. उपास सोड, तुझ्या तब्येतीसाठी सोड, असं मी दर महिन्याला म्हणायला लागलो, आणि ते खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली दुसरंच होतं. दर महिन्याला एक बाई दिवसभर उपाशी राहून मला तोच प्रश्न विचारत होती, आणि तो प्रश्न मला बंद करून हवा होता.

नॉर्वेला जायचं हे तिचंच. पुण्याच्या एका शाळेत तिने एकतीस वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर कलती पृथ्वी काढायची, आर्क्टिक वृत्त ओढायचं आणि मुलांना सांगायचं, इथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. मागच्या वर्षी धुतलेले कपडे घडी करता करता म्हणाली, "एकदा बघायला पाहिजे रे, मी शिकवलं ते खरं होतं का." एवढं पुरे होतं. भटकायचं निमित्त मला कुणी द्यायचीच खोटी असते. बायकोला हॉस्पिटलमधून सुट्टी मिळेना आणि मुलांची शाळेची टर्म चालू होती, म्हणून आम्ही दोघंच निघालो. वीस वर्षं प्रोजेक्टची वेळापत्रकं करून मी लोकांना पिडत आलोय, तेव्हा या ट्रिपचंही एक केलं. त्यात विमानं होती, बोट होती, केबल कार होती, म्युझियम होतं, आईच्या गोळ्यांच्या वेळा होत्या. तिथी नव्हती.

ट्रॉम्सो हे नॉर्वेच्या अगदी उत्तरेचं बंदर. एका बेटावर बसलेलं गाव, चहूकडे जूनमध्येही बर्फ न उतरलेले डोंगर, आणि मुख्य जमिनीकडे जाणारा उंच लांब पूल. पुलापलीकडे पांढरं त्रिकोणी चर्च दिसतं. धक्क्यावर मासेमारीच्या बोटी, लाकडी पिवळी-तांबडी गोदामं, आणि त्या सगळ्यांपेक्षा उंच अशी एक पर्यटकांची बोट, दहा मजल्यांची. समुद्रपक्ष्यांचा गोंगाट चोवीस तास चालू असतो, कारण झोपायचं कधी ते त्यांनाही कळत नसावं.

पोचलो त्या दिवशी आई हॉटेलच्या खिडकीशी खुर्ची लावून बसली. मनगटावरचं घड्याळ बघे, पाण्यावरचं ऊन बघे. रात्रीचे बारा वाजले तेव्हा ऊन आपल्याकडच्या संध्याकाळच्या पाचसारखं होतं. ती म्हणाली, "खरंच आहे की!" आणि गणिताचं उत्तर पुस्तकाशी जुळलेल्या मुलीसारखी हसली. बाबा गेल्यानंतर मी तिला इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

पण त्या उजेडाने माझे हाल केले. आधीच मला झोप कमी, त्यात पडद्याच्या कडेने सूर्य आत येतो. मी उठायचो, धक्क्यावर चालायला जायचो, परत यायचो, पुन्हा जायचो. सगळी दुकानं बंद, रस्ते रिकामे, आणि लख्ख ऊन. दिवस संपतच नव्हता. आईचेही वार चुकायला लागले. तिसऱ्या दिवशी तिने मला दोनदा विचारलं, आज काय वार आहे. त्याच संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक नीट करताना माझं लक्ष फोनवरच्या तिथीकडे गेलं. उद्या संकष्टी.

सवयीने चंद्रोदय बघायला गेलो, तर वेळेच्या जागी आडवी रेघ. परवाच्या रकान्यात रेघ. तेरवाच्याही. मी गाव बदलून बघितलं, फोन बंद करून चालू केला. आयटीवाल्याचं पहिलं औषध ते. रेघ तशीच. इथे चंद्र उगवणारच नव्हता.

आणि तेव्हा मी ठरवलं, आईला सांगायचंच नाही. तिला वार कळत नाहीत, तिथी कुठून कळणार? एक दिवस निघून गेला की झालं. उद्या ती गोळी घेईल, पोटभर नाश्ता करेल, केबल कारने डोंगरावर जाईल. एकोणीस वर्षांत एक संकष्टी बुडेल, कुणाचाही दोष नसताना बुडेल, आणि एकदा साखळी तुटली की मग पुढचं सोपं जाईल. हा विचार करून मला चक्क आनंद झाला. त्या रात्री मी चार तास झोपलो.

पण मी मावशीला विसरलो होतो.

सकाळी नाश्त्याला खाली गेलो. आईने वर खोलीतच गोळी घेतली होती, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते म्हणून. तिने ताटलीत उकडलेले बटाटे, पाव आणि काकडी घेतली. खोलीत वायफाय नीट पोचत नव्हतं, डायनिंग हॉलमध्ये पोचत होतं. तिने फोन टेबलावर ठेवला आणि तो टिणटिणायला लागला. जास्वंदीचा हार घातलेला गणपती, खाली सोनेरी अक्षरांत संकष्टी चतुर्थीच्या हार्दिक शुभेच्छा. मावशीकडून. मग मामेबहिणीकडून. मग आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच गणपती सात वेळा.

आईने काटा खाली ठेवला. "आज संकष्टी आहे?"

"असं दिसतंय."

"तुला माहीत होतं?"

"नाही गं," मी कॉफीच्या कपात बघत म्हणालो.

तिने ताटली हलकेच माझ्याकडे सरकवली. मी म्हटलं, "आई, तू गोळी घेतलीयेस. आज तुला खावंच लागेल."

"घेतली ती घेतली. चंद्रोदय किती वाजता आहे तेवढं बघून ठेव."

"बघतो," मी म्हणालो.

त्यानंतरचे काही तास मी जे केलं त्याला पर्यटन म्हणत नाहीत. केबल कार रद्द केली. म्युझियमच्या दारापर्यंत गेलो आणि आत गेलोच नाही. मी पुढे पळायचो, मग मागे वळून आईसाठी थांबायचो, मग पुन्हा पळायचो. शेवटी ती धक्क्यावरच्या एका बाकावर बसली. "तू ये फिरून. मी बोटी बघते." मी पन्नास पावलं जायचो आणि परत यायचो. तिचा चेहरा बघायचो, घड्याळ बघायचो. डॉक्टरचं वाक्य डोक्यात घण घालत होतं. फोनवर मी बायकोला सगळं लिहून कळवलं.

दुपारी बाराच्या सुमाराला तिचा व्हिडिओ कॉल आला. ट्रुगानिनात तेव्हा रात्रीचे आठ, आणि हिवाळा. जाड जॅकेट घालून ती ड्राइव्हवेवर उभी होती आणि तिने फोन आभाळाकडे धरला होता. "आई, हा बघा चंद्र! दिसतोय का? आत्ताच वर आला. तुम्ही नमस्कार करा आणि खाऊन घ्या बरं!"

स्क्रीनवर काळोख आणि त्यात थरथरणारा एक पांढरा ठिपका दिसत होता. मागून मुलाचा आवाज आला, "डॅड, इट्स फ्रीझिंग, टेल मम टू कम इन!"

आईने चष्मा वर करून ठिपका बघितला, हात जोडले. "छान दिसतोय गं. जा आता आत, पोराला थंडी वाजतेय." फोन बंद झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "तो तिथला झाला. इथला केव्हा?"

आता बोला. आपण जिथे असू तिथला चंद्र धरायचा, हा नियम तिला शिकवणारा मीच होतो.

मग मी आमच्या मेलबर्नच्या गुरुजींना फोन लावला. भला माणूस, मोठ्याने बोलणारा. स्पीकरवर ऐकू आलं, "काकू, नो वरीज! प्रवासात सगळं चालतं. मेलबर्नचा चंद्रोदय धरा, मनाने अर्घ्य द्या, प्रसाद घ्या. एनी इश्यू, मला कॉल करा." आई बरं म्हणाली, आभारही मानले. मग मला म्हणाली, "माणूस चांगला आहे. पण आपल्या सत्यनारायणालाही यांनी एक अध्याय गाळला होता."

"आई, खा काहीतरी. प्लीज."

"तू मला वेळ का सांगत नाहीयेस?"

"नेट येत नाहीये."

"आत्ता बायको दिसली ती कशावर?"

 तिने पर्समधून गावाचा नकाशा काढला, मागच्या कोऱ्या बाजूला पेनने एक गोल काढला आणि त्याला कलता आस दिला. तिचा आवाज बदलला. वर्गातला झाला. "हा सूर्य या अंगाला. उत्तर टोक त्याच्याकडे झुकलेलं, म्हणून इथे तो मावळत नाही. बरोबर? आता पौर्णिमा होऊन तीन-चारच दिवस झालेत. म्हणजे चंद्र अजून जवळजवळ समोरच्या अंगाला. सूर्य जिथे हिवाळ्यात असतो त्या बाजूला. आणि हिवाळ्यात इथे सूर्य..." पेन थांबलं. "अरे, मग तो उगवणारच नाही!"

ती क्षणभर नुसती खूश झाली. एकतीस वर्षं शिकवलं, पण या प्रश्नाचा आपण कधी विचारच केला नाही, असं म्हणाली. मग तिला आठवलं की हा प्रश्न परीक्षेतला नाही. तिने नकाशाची घडी घातली. "तुला कालच कळलं होतं."

"हो."

"आणि सकाळी नाही म्हणालास."

"हो."

"किती दिवस उगवणार नाही?"

"अजून दोन-तीन."

"परवा आपण ओस्लोला पोचतो. तिथे उगवतो का?"

"तिथे उगवतो. पण आई..."

"मग परवा सोडते," ती म्हणाली. एक बस चुकली तर पुढची पकडू, इतक्या सहज म्हणाली.

तेवढ्यात मला तिचा हात दिसला. नकाशा पर्समध्ये ठेवताना तो थरथरत होता, आणि पर्सची चेन तिला लागत नव्हती. नऊ अंश थंडी होती आणि तिच्या कपाळावर घाम होता. मी तिच्या पर्समधली खडीसाखरेची डबी काढली, एक मोठा खडा तिच्या हातावर ठेवला. तिने मूठ मिटली आणि मूठ मांडीवर ठेवली. मला इतकी भीती वाटली, की ती भीती रागच होऊन बाहेर आली.

"कशासाठी करतेस हे?" मी ओरडलो.

"तुला माहीत आहे कशासाठी."

"मी नाही येणार."

"कुठे?"

"पुण्याला. मी परत नाही येणार, आई. आत्ता नाही, मुलं मोठी झाल्यावर नाही, रिटायर झाल्यावरही नाही. मुलं तिथली आहेत. मीही आता तिथलाच झालोय. पुण्यात मला चार दिवसांवर करमत नाही. फ्लॅटचे फोटो बघवत नाहीत मला. मला नाही यायचं. कळलं? आता खा!"

त्या दहा मजली बोटीवरून उतरणारी माणसं वळून बघायला लागली. भाषा कळायची गरज नव्हती. मी उभा होतो, ती बसलेली होती, आणि मी एका म्हाताऱ्या बाईवर ओरडत होतो. एकोणीस वर्षं जे वाक्य मी एकदाही उच्चारलं नव्हतं, ते असं निघालं. 

 आईने समोरच्या पाण्याकडे बघत शांतपणे विचारलं, "हे आज ठरवलंस?"

"नाही."

"मग कधी?"

मला खरं उत्तर शोधावं लागलं, कारण मी ते स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. "घर घेतलं तेव्हा."

"म्हणजे बारा वर्षं झाली," ती म्हणाली. "नक्की ना? आता पुन्हा 'बघू' नाही?"

"नाही. नक्की."

तिने मूठ उघडली. खडा हाताच्या घामाने चिकट झाला होता. तो तिने तोंडात टाकला आणि दाताखाली फोडला. "जा, काहीतरी गरम घेऊन ये," ती म्हणाली. "अंड्याचं नको."

मी धावत सुटलो. धक्क्यावरच्या एका छोट्या कॅफेत भाजलेला मोठा बटाटा मिळाला, वर लोणी, बरोबर दोन पाव. परत येईपर्यंत माझ्या छातीचा भाता झाला होता. आईने बटाटा बघितला, "उपासाचंच आणलंस की," म्हणाली आणि काट्याने तो फोडून खायला लागली. आभाळाकडे बघितलं नाही, हात जोडले नाहीत, अर्घ्य नाही, नैवेद्य नाही. भूक लागलेलं माणूस खातं तशी, खाली मान घालून, भराभर. मी मोजत होतो. पाच घास, दहा घास. हळूहळू हाताची थरथर थांबली, कपाळ कोरडं झालं.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ती खावी म्हणून मी सकाळपासून जीव टाकत होतो, ती खात होती. तो प्रश्नही मिटला होता. पण तसं वाटत नव्हतं. तिने त्या गणपतीला आता काही मागायचं ठेवलं नव्हतं, आणि ते मला तिच्या खाण्यावरून समजत होतं.

"आता हे बंद," बटाट्याचं साल बाजूला ठेवत ती म्हणाली. "पुढच्या महिन्यापासून नाही धरणार. मावशीला फोन करून सांगते, फ्लॅटला चांगला भाडेकरू बघ म्हणावं. खिडक्या उघडायला ती तरी किती दिवस जाणार? तिचेही गुडघे दुखतात."

"आई, मी असं ओरडायला नको होतं."

"ओरडलास ते जाऊ दे." तिने दुसऱ्या पावाला लोणी लावलं आणि तो माझ्या हातात दिला. "घे. सकाळपासून तूही काही खाल्लं नाहीयेस."

मी पाव हातात धरून तिच्या शेजारी टेकलो.  डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला मी एकही हात मोकळा केला नाही. आईने कागदी रुमालाने आपलं तोंड पुसलं, तो नीट घडी करून पर्समध्ये ठेवला.

"मी विचारलं तेव्हाच नाही म्हणायचंस रे," ती म्हणाली. "मी दोन दिवस रडले असते. मग जेवले असते."